समासातल्या टिपणाचं श्रेय



आजचा माझा विषय एका अशा कामाचा आहे, जे या सभागृहात बसलेल्या पुष्कळ जणांनी कधी ना कधी केलेलं आहे आणि ज्याबद्दल कुणाला शाल-श्रीफळ मिळालेलं मी पाहिलेलं नाही. दुसऱ्याचं लिखाण पक्कं होण्याआधी वाचायचं, कुठे जमलंय आणि कुठे फसलंय ते सांगायचं, आणि बाजूला व्हायचं. पूर्वी हे काम मासिकांच्या कचेरीत, प्रकाशकाच्या खोलीत किंवा एखाद्या मास्तरांच्या ओटीवर चालायचं. आता ते मोबाइलवर चालतं. कथा लिहिणाऱ्यांचे गट आहेत, कवितेचे आहेत, भागाभागाने कादंबरी टाकणारे आहेत. लेखक मजकूर टाकतो आणि त्याखाली अनोळखी माणसं अभिप्राय लिहितात. त्यांतले काही अभिप्राय असे असतात की त्यांनी ती कथा सुधारते. कधी कधी तर ती कथा होते.

या माणसांना श्रेय द्यावं का? द्यावं, असं कुणीही चटकन म्हणेल. मीही म्हणतो. पण श्रेय द्यायचं म्हणजे नाव घ्यायचं, आणि नाव घेतलं की माणूस चारचौघांत येतो. त्याला चारचौघांत यायचं आहे का, हे आपण विचारलेलं असतं का? आणि त्याच्याबरोबर आणखी कोण ओढलं जातं, याचा विचार केलेला असतो का? आज एवढ्याच प्रश्नावर बोलायचं आहे.

सुरुवात आपल्या वसई-विरारच्याच रेल्वेमार्गावरून करतो. विरार सुटलं की वैतरणा, सफाळे, केळवे रोड आणि मग पालघर. नोव्हेंबर २०१२. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होतं, आपला जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्याबद्दल पालघरच्या एका तरुण मुलीने फेसबुकवर आपलं मत लिहिलं. तिच्या मैत्रिणीने त्या मजकुराला पसंती दिली. दोघींना अटक झाली. पहिलीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. पुढे पोलिसांनी प्रकरण बंद केलं. श्रेया सिंघल नावाच्या कायद्याच्या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द झालं. साऱ्या देशाच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा तो निकाल. त्याची एक मुळी आपल्या पालघरात आहे, हे इथल्या शाळांमधून सांगितलं जायला हवं, असं मला फार वाटतं.

त्या वेळी जिने लिहिलं तिच्याबद्दल पुष्कळ बोललं गेलं. मला आजही विचार करायला लावते ती दुसरी मुलगी. तिने काय केलं होतं? वाचलं आणि आवडलं, एवढं कळवलं. जगातला सगळ्यांत छोटा अभिप्राय म्हणावा तर हाच. आणि त्या छोट्या अभिप्रायाला तिचं खरं नाव चिकटलेलं होतं. ते नाव चिकटावं की नाही, हे तिला कुणी विचारलं नव्हतं. यंत्राची रचनाच तशी. आपण एरवी म्हणतो, नाव लावलं की श्रेय मिळतं. पालघरला नाव लावलं गेलं आणि पोलीस दारात आले. नाव घेतल्याने नेहमी भलंच होतं, हा समज तिथून पुढे तरी आपण सोडायला हवा होता.

पण म्हणून नाव घ्यायचंच नाही का? इथे मला तुम्हाला मागे न्यायचं आहे, गिरगावात, खटाववाडीत, 'मौज'च्या आणि 'सत्यकथा'च्या कचेरीत.

'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद पडलं. आजच्या तरुणांना त्याचं नाव ठाऊक असेल, पण त्या मासिकात छापून येण्याआधी काय व्हायचं, ते सांगायला हवं. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन ही दोन माणसं आलेली कथा वाचायची आणि लेखकाला पत्र लिहायची. नुसतं 'साभार परत' नव्हे. या पात्राचं वागणं इथे पटत नाही, हा शेवट आधीच्या पानावर होऊन गेलेला आहे, हे वाक्य तुमचं नाही, असं. लेखक पुन्हा लिहायचा, पुन्हा पाठवायचा, पुन्हा पत्र यायचं. लेखकाच्या हातून कथा पूर्ण उतरेपर्यंत हे चालायचं. मराठी नवकथेची एक अख्खी पिढी या पत्रव्यवहारातून घडली.

आता राम पटवर्धनांचं नाव सर्वसाधारण वाचकाला कशामुळे माहीत आहे? 'पाडस'मुळे. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांच्या कादंबरीचा तो अनुवाद, मराठीतल्या उत्तम अनुवादांपैकी एक. त्यावर त्यांचं नाव आहे. पण त्यांच्या आयुष्याचं मोठं काम दुसऱ्यांच्या कथांमध्ये आहे, आणि तिथे त्यांचं नाव कुठेही नाही. कथेखाली नाव लेखकाचं. पुस्तकावर नाव लेखकाचं. पुरस्कार लेखकाला. हे बरोबरच आहे, कारण कथा लेखकाची. तरीही त्या कथेतला एखादा परिच्छेद गाळला गेला म्हणून ती कथा उभी राहिली, तो गाळायला सांगणाऱ्याचं आपण काही देणं लागतो की नाही?

मी स्वतः बरीच वर्षं इतरांची हस्तलिखितं वाचतो आहे, म्हणून मला हे जवळून माहीत आहे. माझ्या गुरुजींनी परत दिलेलं माझं एक हस्तलिखित अजून माझ्याकडे आहे. फुलस्केप कागद, वरच्या कोपऱ्यात टाचणीच्या गंजाचा डाग, आणि तिसऱ्या पानाच्या समासात शिसपेन्सिलीने चार शब्द: 'इथे आई का रडते?' बस. एवढंच. मला कळलं की आई रडते, कारण मला तिथे काय लिहावं ते सुचलेलं नाही. तो परिच्छेद मी काढला. ती कथा जिथे छापून आली तिथे माझ्या गुरुजींचा उल्लेख नाही, आणि तो करावा असं त्यांनी मला कधी सुचवलंही नाही.

आता या कहाणीची दुसरी बाजू. बंद खोलीत दिलेला अभिप्राय म्हणजे सत्ताही असते. कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला दाराबाहेर ठेवायचं, हे त्या खोलीत ठरतं आणि बाहेरच्याला त्याचं कारण कळत नाही. साठच्या दशकाच्या अखेरीस राजा ढाले आणि लघुअनियतकालिकांच्या चळवळीतल्या तरुणांनी 'सत्यकथा'चा अंक जाहीरपणे जाळला. त्या रागात वाङ्मयीन मतभेद होते, जातीचे आणि वर्गाचे प्रश्न होते. पण एक प्रश्न हाही होता की ही अभिरुची ठरवणारे तुम्ही कोण, आणि तुमचे निकष उजेडात का येत नाहीत? श्री. पुं.बद्दल आणि पटवर्धनांबद्दल मला अपार आदर आहे, आणि तरीही मी म्हणतो की तो प्रश्न रास्त होता. अभिप्राय खासगी राहिला की लेखकाची अब्रू झाकली जाते, आणि अभिप्राय देणाऱ्याची मनमानीही झाकली जाते. दोन्ही एकाच पांघरुणाखाली.

मग उघड करायचं का सगळं? याचं उत्तर शोधायला आपल्याकडे एक फार मोठं उदाहरण आहे. जी. ए. कुलकर्णी. माणसांपासून दूर राहणारा, सभासंमेलनं टाळणारा लेखक. धारवाडला राहून त्यांनी पत्रं लिहिली, आणि काय पत्रं! स्वतःच्या कथांबद्दल, दुसऱ्यांच्या पुस्तकांबद्दल, चित्रांबद्दल, माणसांबद्दल. डिसेंबर १९८७ मध्ये ते गेले. त्यानंतर त्यांच्या निवडक पत्रांचे खंड निघाले. सुनीता देशपांडे यांनी त्यांना लिहिलेली पत्रंही पुढे 'प्रिय जी. ए.' या नावाने आली. आपण सगळ्यांनी ती वाचली. मीही अधाशासारखी वाचली. मराठीत साहित्याबद्दल इतकं मोकळं, इतकं खोल लिखाण क्वचितच झालं असेल. ते छापलं गेलं नसतं तर आपण किती दरिद्री राहिलो असतो!

पण ती वाचताना तुमच्या मनात कधी आलं का, की हे माझ्यासाठी लिहिलेलं नाही? एका माणसाने एका माणसाला लिहिलेलं आहे, आणि तिसऱ्याच कुणाच्या पुस्तकाबद्दलचं मत त्यात आहे. त्या तिसऱ्याला विचारलं होतं का? 'निवडक' या शब्दामागे संपादकांनी केवढी जबाबदारी उचललेली असते, हे त्या खंडांकडे बघताना लक्षात घ्यायला हवं. काय घ्यायचं यापेक्षा काय गाळायचं, हे त्यांना अधिक जड गेलं असेल. कायद्याने बघितलं तर पत्राचा कागद ज्याला पत्र आलं त्याचा, आणि शब्दांवरचा हक्क ज्याने लिहिलं त्याचा. मात्र ज्याच्याबद्दल लिहिलं त्याचं काय, या प्रश्नाला कायदा पुरा पडत नाही. तिथे संपादकाचा विवेकच लागतो.

आणि इथे माझा पहिला मोठा मुद्दा आहे. अभिप्राय हा कधीच एकट्याचा नसतो. तो देणाऱ्याचा असतो आणि घेणाऱ्याचाही असतो. 'तिसऱ्या पानावर आई उगाच रडते' हे टिपण मी श्रेयासाठी जगाला दाखवलं, तर लेखकाची कच्ची कथाही मी जगाला दाखवली. जी कथा त्याने बदलली, जी त्याला कुणी पाहू नये असं वाटत होतं, ती. म्हणून टिपण देणाऱ्याने 'बघा, मी काय सुचवलं होतं' असं म्हणत आपली टिपणं चव्हाट्यावर मांडू नयेत. कथा गाजल्यानंतर तर मुळीच नाही. हल्ली गटांमधल्या संभाषणाचे स्क्रीनशॉट फिरवले जातात, 'हिला मी शिकवलं' म्हणून. मला त्याची चीड येते. ज्याने विश्वासाने आपलं कच्चं लिखाण हातात दिलं, त्याचा तो विश्वासघात आहे.

आता दुसरी बाजू, टिपण देणाऱ्याच्या खासगीपणाची. यावर आपल्याकडे फार कमी बोललं जातं, म्हणून इथे जरा थांबतो.

विरारला राहणाऱ्या एक बाई माझ्या परिचयाच्या आहेत. चर्चगेटला नोकरी. संध्याकाळच्या विरार गाडीत, बायकांच्या डब्यात, बसायला मिळालं की त्या मोबाइलवर अनोळखी लेखकांच्या कथा वाचतात आणि टोपणनावाने अभिप्राय लिहितात. एका कथेतली नायिका संध्याकाळी विरारला घरी जाताना भाईंदर-नायगावच्या मधल्या खाडीवर उजव्या खिडकीतून सूर्यास्त बघते. बाईंनी लिहिलं: विरारकडे जाताना समुद्र डाव्या हाताला असतो, सूर्य त्याच बाजूला मावळतो, तुमच्या नायिकेची जागा बदला. लेखकाने बदलली. नंतर कुणीतरी त्या कथेचं कौतुक करताना लिहिलं की लेखकाला आपला रेल्वेमार्ग नीट ठाऊक आहे. इथपर्यंत सगळं गोड.

पण याच बाईंनी दुसऱ्या एका कथेवर दिलेला अभिप्राय वेगळा होता. नवऱ्याच्या जाचाची कथा होती. पहिल्याच भागात नवरा हात उचलतो. बाईंनी लिहिलं: असा माणूस आधी मारत नाही, आधी हिशेब मागतो. भाजीचा, रिक्षाचा, माहेरी केलेल्या फोनचा. मारतो तो खूप नंतर. लेखिकेने ते वाचून पहिले तीन भाग नव्याने लिहिले. आणि कृतज्ञतेने, अगदी मनापासून, कथेच्या शेवटी आभार मानले: बाईंचं खरं नाव, आडनाव, कुठे नोकरी करतात तेसुद्धा. ओळख झालेली होती, म्हणून तिला हे ठाऊक होतं. तिचा हेतू शंभर टक्के चांगला होता. पण त्या एका ओळीने काय केलं? 'आधी हिशेब मागतो' हे वाक्य कुणाच्या घरातून आलं, ते साऱ्या नात्यागोत्याला कळलं. आभार काढून टाकले गेले, पण तोवर ज्यांनी वाचायचं त्यांनी वाचलं होतं. बाईंनी त्यानंतर अभिप्राय लिहिणं थांबवलं.

मित्रहो, चांगला अभिप्राय कुठून येतो? वाचनातून येतो, हे खरं. पण पुष्कळदा तो अभिप्राय देणाऱ्याच्या जगण्यातून येतो. परिचारिका असलेली वाचक सांगते की रुग्ण असा मरत नाही. मच्छीमार सांगतो की या वाऱ्याला होडी कुणी काढत नाही. कर्ज बुडालेला माणूस सांगतो की वसुलीवाला दारात येऊन पहिल्यांदा काय बोलतो. जितका अभिप्राय अस्सल, तितकं देणाऱ्याचं आयुष्य त्यात उघडं पडलेलं. मग त्यावर नाव सक्तीचं केलंत, तर काय उरेल? 'छान लिहिलंय.' 'पुलेशु.' 'पुभाप्र.' पुढील लेखनास शुभेच्छा आणि पुढील भागाच्या प्रतीक्षेत. यात वाईट काही नाही, पण यातून कथा सुधारत नाही.

आपल्या वसईत तर हा प्रश्न आणखी अवघड. इथे टोपणनाव घेऊनही माणूस लपत नाही. कादोडीत किंवा वाडवळीत दोन ओळी लिहा, एखादा शब्द असा येतो की वाचणारा गाव ओळखतो, कधी कधी आळीसुद्धा. बोलीभाषांमधून आता लोक आवडीने लिहू लागले आहेत, गटांवर कविता टाकू लागले आहेत, याचा मला फार आनंद आहे. पण मोजक्या माणसांच्या भाषेत परखड बोलायची किंमत जास्त असते, कारण रविवारी चर्चच्या आवारात किंवा लग्नाच्या मांडवात तो कवी समोर येणारच. तिथे खासगी अभिप्रायाला पर्याय नाही. 'सुवार्ता' मासिक १९५५ पासून इथल्या लिहिणाऱ्यांचं घर आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी त्याचं संपादन दीर्घकाळ केलं आणि पुढे ते २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्या अध्यक्षपदाची आपण मिरवणूक काढली. त्यांच्या संपादकाच्या टेबलावरून किती नवख्यांचं लिखाण नीट होऊन गेलं असेल, त्याची मिरवणूक निघत नाही.

नाव लपवणं म्हणजे पळपुटेपणा, असं काही जण म्हणतात. त्यांना मला मराठी वाङ्मयाचा इतिहास आठवून द्यायचा आहे. १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' आलं. लेखिका विभावरी शिरूरकर. कोण ही बाई? कुणाला माहीत नव्हतं. शिकलेल्या, कमावत्या, अविवाहित मुलींच्या मनातलं तिने इतकं उघडपणे लिहिलं होतं की गहजब झाला. त्या नावामागे बाळूताई खरे होत्या, पुढच्या मालती बेडेकर. त्या वेळी त्यांचं नाव झाकलेलं नसतं, तर नोकरी टिकली असती का? समाजात वावरता आलं असतं का? आणि हीच बाई १९८१ मध्ये मुंबईतल्या समांतर साहित्य संमेलनाची अध्यक्ष म्हणून व्यासपीठावर उभी राहिली. हिला पळपुटी म्हणणार? कधी झाकायचं आणि कधी उघडायचं, हे तिने ठरवलं. माझं सारं म्हणणं त्या 'तिने ठरवलं'मध्ये आहे.

समीक्षेतही असंच. 'अभिरुची' मासिकात 'निषाद' या नावाने 'वाद-संवाद' हे सदर यायचं. ते प्राध्यापक मं. वि. राजाध्यक्ष. त्याच मासिकाच्या पानांवर 'पुरुषराज अळूरपांडे' नावाचं एक प्रकरण होतं, आणि ते एक माणूस नव्हतंच. पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे, मं. वि. राजाध्यक्ष आणि रा. वा. अळूरकर या तिघांचं मिळून ते नाव. पुढे १९६४ मध्ये 'ललित' निघालं आणि त्यात 'ठणठणपाळ' आला. हातात हातोडा घेतलेला, वसंत सरवट्यांच्या रेषेतला. नामवंत लेखकांना त्याने वर्षानुवर्षं चिमटे काढले. तो जयवंत दळवी होता. तो कोण, हे पुढे सगळ्यांना कळलं आणि तरीही ते सदर चालू राहिलं.

ठणठणपाळ आणि आजचा रात्री दोनला नवं खातं उघडून कुणाच्या कवितेखाली घाण टाकून जाणारा, हे दोघे एकच का? दोघांचंही खरं नाव झाकलेलं आहे. मग फरक कशात? ठणठणपाळ पुढच्या महिन्यात पुन्हा येणार होता. त्याच नावाने येणार होता. आज बोललेलं त्याला उद्या निस्तरायचं होतं. त्याच्या नावाला इज्जत होती आणि ती गमावण्याची भीती होती. टिकून राहिलेलं टोपणनाव हे नावच असतं. मराठी संकेतस्थळांवर हा अनुभव जुना आहे. 'मायबोली' १९९६ पासून चालू आहे; 'मनोगत', 'मिसळपाव', 'ऐसी अक्षरे' नंतरची. तिथल्या काही आयडींना वाचक असे ओळखतात, जसे आपण शेजाऱ्याला ओळखतो. अमुक आयडीने कथेवर दोन परिच्छेद लिहिले म्हणजे ती वाचायला हवी. त्या माणसाचं खरं नाव कुणाला ठाऊक नसतं आणि कुणाचं काही अडतही नाही. आणि तिथेच 'डुआयडी' म्हणून हिणवली जाणारी, एका भांडणापुरती काढलेली खातीही असतात. आपला विरोध त्या पोकळ खात्यांना हवा, टोपणनावाला नको.

म्हणजे श्रेय आणि खरं नाव या दोन गोष्टी सुट्या करता येतात. माझा दुसरा मुद्दा हाच. श्रेय टोपणनावाला देता येतं, आणि ते साचत जातं. आपला कॉपीराइटचा कायदासुद्धा हे मानतो. १९५७ च्या त्या कायद्यात टोपणनावाने किंवा निनावी प्रसिद्ध झालेल्या साहित्याला प्रसिद्धीपासून ६० वर्षं संरक्षण आहे. दरम्यान लेखकाची ओळख उघड झाली तर त्याच्या मृत्यूनंतरची ६० वर्षं. नाव झाकलं म्हणून हक्क गेला, असं कायदा म्हणत नाही. आणि खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात एकमुखाने सांगितलेलं आहे.

बाहेरच्या जगात काय चाललंय, तेही थोडक्यात. लंडनच्या 'टाइम्स लिटररी सप्लिमेंट'मध्ये १९७४ पर्यंत परीक्षणं बिननावाने छापली जायची. मग नावं आली. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने १९९९ पासून शोधनिबंध तपासणाऱ्यांची नावं लेखकांना कळवायला सुरुवात केली. 'नेचर'ने २०२० मध्ये लेखकांची इच्छा असेल तर तपासणाऱ्यांचे शेरे निबंधाबरोबर छापायला घेतले, पण आपलं नाव द्यायचं की नाही हे तपासणाऱ्यावर सोडलं. शेरा उघड, नाव ऐच्छिक. विज्ञानात हे चालेल, कारण तिथे शेरा प्रयोगावर असतो. कथेवरचा शेरा माणसाच्या आतड्यावर पडतो. म्हणून साहित्यात उलटं हवं असं माझं मत आहे: शेरा झाकलेला, आणि काम केल्याची नोंद उघड.

आणि ही नोंद करताना गुणांची, बिल्ल्यांची, क्रमवारीची हाव सुटू देऊ नका. 'ऐसी अक्षरे'वर प्रतिसादाला 'मार्मिक', 'माहितीपूर्ण', 'रोचक', 'निरर्थक' अशा श्रेणी देतात. ही मला चांगली रीत वाटते, कारण तिथे प्रतिसाद किती यापेक्षा कसा याला मोल आहे. जिथे नुसतं किती हे मोजलं जातं, तिथे लोक न वाचता अभिप्राय देतात, आणि तू माझी पाठ खाजव, मी तुझी खाजवतो, असा व्यवहार सुरू होतो. नवख्या लेखकाला त्यातून खोटा धीर मिळतो आणि पहिला खरा अभिप्राय आला की तो कोसळतो. मी असे कोसळलेले पाहिले आहेत. त्यांतल्या दोघांनी पुन्हा लिहिलं नाही, आणि दोघांच्याही हातात लिहिणं होतं.

आता आपल्याकडे, या तालुक्यात, काय करता येईल? महिन्यातून एकदा जमून एकमेकांचं लिखाण वाचणारे छोटे गट इथे आहेत. त्यांना माझं एक साधं सांगणं आहे. एक वही ठेवा. त्यात तारीख, कुणाचं लिखाण वाचलं, आणि कुणी वाचून मत दिलं, एवढंच लिहा. मत काय दिलं, ते लिहू नका. ते त्या दोघांचं. ज्याला खरं नाव नको त्याने टोपणनाव लिहावं, पण दर वेळी तेच. वर्षाच्या शेवटी ती वही वाचून दाखवा. कुणी किती झिजलं, ते आपोआप कळेल. आणि पुस्तक निघालं तर लेखकाने ऋणनिर्देशाचं पान छापायला देण्याआधी त्या प्रत्येकाला दाखवावं. 'असं लिहिलं तर चालेल ना?' एवढा एक प्रश्न. तो विचारला गेला असता तर विरारच्या त्या बाई आज लिहीत असत्या. कुणी नको म्हणालं, तर 'एका वाचकाचे आभार' एवढंच लिहा. ज्याला कळायचं त्याला कळतं. उलट बाजूने, कुणाला आपलं नाव हवं असेल तर त्यात संकोच कसला? दुसऱ्याच्या कथेवर रात्री जागवल्या असतील, तर नाव मागणं हा त्याचा हक्क आहे. आपल्याकडे निरपेक्ष सेवेचं इतकं कौतुक केलं जातं की हक्काने श्रेय मागणारा लोभी ठरतो. विशेषतः बाई असेल तर. नवऱ्याच्या हस्तलिखिताची पक्की प्रत करता करता त्यातल्या चुका दुरुस्त करणाऱ्या किती बायका मराठी साहित्यात होऊन गेल्या असतील! त्यांना कुणी विचारलंच नाही, की बाई, तुझं नाव घालू का?

माझं स्वतःचं सांगतो आणि थांबतो. इतक्या वर्षांत लोकांनी वाचायला दिलेल्या कच्च्या प्रती माझ्या कपाटात आहेत. काहींच्या समासात माझी टिपणं आहेत. त्यांतले काही लेखक पुढे नावाजले. एका अभ्यासकाने मध्यंतरी विचारलं, या प्रती संशोधनासाठी द्याल का? मी नाही म्हटलं. त्या माझ्या नाहीत. ज्यांच्या आहेत त्यांना मी त्या परत करायला घेतल्या आहेत, टिपणांसकट. पुढे त्यांनी त्या जपाव्यात, छापाव्यात की चुलीत घालाव्यात, ते त्यांनी बघावं. जे लेखक हयात नाहीत त्यांच्या घरच्यांना मी एकेक करून भेटतो आहे. अशा काही प्रतींचे मालक आज या सभागृहात बसलेले मला इथून दिसताहेत. नावं मी घेणार नाही. सोमवार सोडून कुठल्याही संध्याकाळी घरी या आणि आपली प्रत घेऊन जा.